बन्नूचे मिशन इस्पितळ आणि महाराष्ट्राची एक लेक

भोकरदन तालुक्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या बरोबरीने घोड्यावर एक तेविशीचा मुलकी अधिकारी होता. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली ती लढाई आपल्याकडे शिंदे-भोसल्यांचा पराभव म्हणून सांगितली जाते, आणि एल्फिन्स्टन पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झाला म्हणून शाळेच्या पुस्तकात येतो. मधल्या काळात तो कुठे होता, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. १८०९ मध्ये तो पेशावरला काबूलचा राजा शाह शुजा याच्या दरबारी वकील म्हणून गेला होता. परतल्यावर त्याने काबूलच्या राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १८१५ मध्ये लंडनला छापला गेला. पठाणांच्या टोळ्या, त्यांचा जिरगा म्हणजे टोळीची पंचायत, त्यांचा पाहुणचार आणि त्यांचे पिढीजात वैर यांची इतकी सविस्तर माहिती त्याआधी युरोपात कुणाकडे नव्हती. या वायव्य सरहद्दीवर जाणाऱ्या पुढच्या पिढ्यांना आधार होता तो याच ग्रंथाचा.

आपल्या मंडळीच्या स्मरणिकेत सिंधूपलीकडच्या एका इस्पितळाचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारील. मराठी मंडळ्यांच्या इतिहासात बाहेरून कोण कोण आले याची नोंद आपण मोठ्या आस्थेने ठेवतो. स्कॉटलंडहून कोण आले, अमेरिकेहून कोण आले, चर्च कुणी बांधले, शाळा कुणी काढली, सगळे तारीखवार सापडते. इथून कोण गेले, याची नोंद मात्र आपण ठेवत नाही. बन्नूच्या मिशन इस्पितळात पठाण स्त्रियांची सेवा करणारी डॉक्टर बेळगावात जन्मली आणि पुण्यात वाढली. तिच्या नावाशिवाय त्या संस्थेचा इतिहास पुरा होत नाही आणि आपलाही होत नाही.

सुरुवात मात्र तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. बंगालमधील श्रीरामपूरच्या ज्या छापखान्यातून विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश काढला, तिथूनच १८१८ मध्ये पश्तू भाषेतला नवा करार छापून निघाला. केरींच्या मराठी कामाला वैजनाथशास्त्री या पंडितांचा हातभार होता. म्हणजे मराठी आणि पश्तू या दोन भाषांतली शुभवर्तमाने एकाच छापखान्याची लेकरे होत. श्रीरामपूरचे पश्तू भाषांतर फारसे चालले नाही. ते काम नव्याने केले इसिडोर लोव्हेंथाल यांनी. पोलंडमधल्या ज्यू घरात जन्मलेले, अमेरिकेत ख्रिस्ती झालेले आणि प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे पेशावरला आलेले हे विद्वान गृहस्थ. त्यांचा पश्तू नवा करार १८६३ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या स्वतःच्या चौकीदाराने त्यांना गोळी घातली. अंधारात चोर समजून गोळी झाडली, असे त्याचे म्हणणे. पेशावरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरले.

पेशावरचे मिशन सुरू झाले त्याची हकिगत सरहद्दीचा सगळा पेच उघड करते. पहिला कमिशनर मॅकेसन मिशनऱ्यांना तिथे येऊ देण्याच्या विरोधात होता. धर्मप्रचाराने टोळ्या बिथरतील, अशी त्याला भीती वाटे. १८५३ च्या सप्टेंबरात एका पठाणाने त्यालाच भोसकून ठार केले. त्याच्या जागी हर्बर्ट एडवर्ड्स आला आणि १९ डिसेंबर १८५३ रोजी त्याच्याच अध्यक्षतेखाली पेशावरला मिशन काढण्यासाठी सभा भरली. चर्च मिशनरी सोसायटीचे रॉबर्ट क्लार्क आणि कार्ल फान्डर यांनी कामाला सुरुवात केली, पाठोपाठ शाळा निघाली. काही वर्षांनी रेनेल टेलर या अधिकाऱ्याने पदरचे पैसे घातले आणि डेरा इस्माईल खानचे मिशन उभे राहिले. त्याचीच फांदी बन्नूला गेली.

सभेचा अध्यक्ष कमिशनर आणि देणगी देणारा कर्नल, हे या मिशनाचे जन्मापासूनचे ओझे होते. पठाणाच्या दृष्टीने पाद्री म्हणजे सरकारचा माणूस, आणि सरकार म्हणजे ज्याने आपली गावे जाळली ते. आपल्या श्रद्धेची गोष्ट बंदुकीच्या सावलीत सांगितली तर ऐकणाऱ्याला बंदूकच दिसते. त्या पिढीतल्या मंडळींची निष्ठा खरी होती यात मला शंका नाही, पण हा दोष त्यांना फारसा जाणवला नाही असेही माझे मत आहे. तो जाणवला आणि त्यावर आयुष्यभर उपाय शोधला तो बन्नूच्या डॉक्टरांनी.

बन्नू हे कुर्रम नदीच्या काठचे हिरवेगार खोरे. भोवती वझीर, मर्वत, खटक अशा टोळ्या. एडवर्ड्सने तिथे किल्ला बांधला होता, त्यामुळे गावालाही बरीच वर्षे एडवर्ड्साबाद म्हणत. बाजारात हिंदू दुकानदार, बाहेरच्या वाड्या-वस्त्यांत पठाण, छावणीत फौज. मिशनची शाळा १८६० च्या दशकात निघाली होती. इस्पितळ म्हणावे असे काही नव्हते. १८९२ मध्ये थिओडोर लेटन पेनेल हे तरुण डॉक्टर विधवा आईला घेऊन हिंदुस्थानात उतरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पदके मिळवून एम. डी. आणि एफ. आर. सी. एस. झालेले. विलायतेत त्यांना काय कमी पडले असते? पण त्यांनी आधी डेरा इस्माईल खानला उर्दू आणि पश्तूचा अभ्यास केला आणि १८९३ मध्ये बन्नूला मुक्काम हलवला. आई एलिझाबेथ १९०८ मध्ये वारली तोवर तिथेच त्यांच्यासोबत राहिली आणि शाळेत, इस्पितळात काम करत राहिली.

पेनेल यांनी पहिल्यापासून काही गोष्टी ठरवल्या होत्या. पठाणी सलवार, कुडता आणि पगडी घालायची, हुजऱ्यात म्हणजे पुरुषांच्या बैठकीत जमिनीवर बसून जेवायचे, आणि हत्यार बाळगायचे नाही. सरहद्दीवर गोरा माणूस निःशस्त्र फिरतो म्हणजे तो वेडा तरी असला पाहिजे किंवा फकीर तरी. लोकांनी त्यांना फकीर मानले. १८९७ मध्ये तोचीपासून तिराहपर्यंत सगळी सरहद्द पेटली, तेव्हाही त्यांनी हा नेम सोडला नाही. सरहद्दीवर दोन पलटणी ठेवण्याऐवजी एक पेनेल पुरे, असे फौजेतले लोकच म्हणू लागले. हे कौतुक त्यांना मनापासून रुचले असेल का, मला सांगता येत नाही. पलटणीशी तुलना होऊ नये म्हणून तर त्यांनी तो वेश घेतला होता.

इस्पितळाचे काम कसे चाले ते पेनेल यांच्याच पुस्तकात आहे. रुग्ण एकटा येत नसे. उंटावर किंवा खाटेवर घालून त्याला आणायचे आणि बरोबर भाऊ, चुलते, पोरेबाळे, पिठाची पोती. सगळा गोतावळा आवारात चूल मांडायचा. काही जण खोस्त आणि गझनीकडून डोंगर ओलांडून यायचे. येण्याआधी गावठी उपाय होऊन गेलेले असत. त्यांतले दोन प्रमुख. एकाला म्हणत ‘दझान’, म्हणजे मेंढी किंवा बकरा मारून तिचे ताजे, ओले कातडे आजाऱ्याच्या अंगाभोवती गुंडाळायचे आणि घाम काढायचा. दुसरा ‘दम’, म्हणजे तेलात भिजवलेल्या कापडाची घडी कातडीवर ठेवून पेटवायची. दुखण्याबरोबर भाजल्याची जखमही डॉक्टरांच्या वाट्याला यायची. डागण्या देण्याचा प्रकार आपल्या मराठवाड्यातही म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेला आहे, तेव्हा यात पठाणांना हसण्यासारखे काही नाही.

खुपरी झालेल्या पापण्या, मोतीबिंदू, मुतखडे, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गोळ्या आणि सुऱ्यांच्या जखमा. पठाणांच्या रीतीत तीन गोष्टी मोठ्या. पाहुण्याचा मान, शरण आलेल्याला आसरा, आणि ‘बदल’ म्हणजे सूड. पहिल्या दोहोंमुळे पेनेल जिवंत राहिले, तिसरीमुळे त्यांच्या खाटा कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. जखम भरून येत असलेला माणूस वैऱ्याचा हिशेब कधी आणि कसा चुकता करायचा याचेच बोलत असे, आणि डॉक्टर त्याला क्षमेबद्दल सांगत असत. बाह्यरुग्णांच्या ओसरीवर औषधे देण्याआधी पश्तूतून शास्त्रवाचन व्हायचे. एखादा मुल्ला उठून वाद घालायचा, वाद संपला की त्याच रांगेत बसून डोळ्यांचे औषध घ्यायचा.

एका शस्त्रक्रियेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. बायकोचा संशय आला की नवऱ्याने तिचे नाक कापायचे, हा प्रकार सरहद्दीवर सर्रास चाले. अशा बायका इस्पितळात येत. कधी राग ओसरल्यावर पस्तावलेला नवराच घेऊन येई. त्यांच्या कपाळावरच्या कातडीचा तुकडा नाकाच्या मापाने कापायचा, भुवयांच्या मधोमध तो देठाने जोडलेलाच ठेवायचा म्हणजे रक्त चालू राहते, मग तो उलटवून खाली वळवायचा आणि नाकाच्या ओल्या कडांना टाके घालून बसवायचा. चिकटला की चेहऱ्याला पुन्हा आकार येतो. ही विद्या युरोपात नव्हती. टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले होते, आणि पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने ते याच पद्धतीने नवे करून दिले. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची सचित्र हकिगत छापून आली, आणि ती वाचून वीस वर्षांनी कार्प्यू या इंग्लिश सर्जनने तो प्रयोग केला. पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराची कला विलायतेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून फिरून शंभर वर्षांनी बन्नूच्या टेबलावर आली होती.

पण पठाण बायका मुळात इस्पितळात येणार किती? पुरुष डॉक्टरने नाडी पाहायची तीही पडद्याआडून. बाळंतपणात अडलेली बाई मरू देतील, पण परक्या पुरुषाला दाखवणार नाहीत. बन्नूच्या कामातली ही उणीव पेनेल यांना ठाऊक होती, आणि ती त्यांच्या हातून भरून निघण्यासारखी नव्हती. त्यासाठी बाईच हवी होती, तीही शिकलेली, आणि या देशाची असेल तर उत्तमच.

इथे आपल्याला पुण्याला जावे लागते. सोराबजी खर्सेटजी हे मूळचे मुंबईकडचे पारशी. १८३९ मध्ये मुंबईत पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून मोठे काहूर उठले होते, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत सोराबजींनी नाशिकला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरच्यांनी आणि समाजाने त्यांना किती छळले असेल याची कल्पना येईल. पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीच्या सेवेत नाशिक, शरणपूर, बेळगाव आणि पुणे इथे राहिले. नाशिकजवळचे शरणपूर हे मिशनने वसवलेले ख्रिस्ती गाव, शेती आणि हस्तव्यवसाय शिकवणारे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनविधीला हजर राहिला. नाशिकने जगाला काय दिले याच्या यादीत हे नाव मी कुठे पाहिलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सोराबजींच्या पत्नी फ्रान्सिना या दक्षिणेकडच्या हिंदू घरातल्या. लेडी फोर्ड या इंग्रज बाईंनी त्यांना लहानपणी दत्तक घेऊन वाढवले होते. १८७० च्या दशकात त्यांनी पुण्याच्या कॅम्पात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि इंग्रजांची मुलेसुद्धा तिथे एका बाकावर बसत. पुढे त्यांनी मराठी, गुजराती आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवल्या. मुलींना त्यांनी काय घडवले ते जगाने पाहिले. कॉर्नेलिया १८६६ मध्ये नाशिकला जन्मली, डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली आणि ऑक्सफर्डला कायदा शिकली. तिच्यावर पुस्तके आहेत. मेरी पुण्याच्या हुजूरपागेत शिकवायची. सूझी सोराबजी यांनी काढलेली सेंट हेलेनाज ही शाळा पुण्यात आजही नावाजलेली आहे.

धाकट्यांपैकी अ‍ॅलिस मॉड, जन्म १८७४ च्या सुमारास बेळगावचा. विज्ञानाची पदवी घेणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिचे नाव येते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९०५ मध्ये ती डॉक्टर झाली, परत आली आणि बहावलपूर संस्थानातल्या जनाना इस्पितळात लागली. तिथे पडदानशीन बायकांमध्ये काम करण्याचा तिला अनुभव मिळाला. १९०८ च्या ऑक्टोबरात तिचे आणि पेनेल यांचे लग्न झाले आणि पुण्याची डॉ. अ‍ॅलिस बन्नूला राहायला गेली.

त्या काळी गोऱ्या मिशनऱ्याने हिंदी मुलीशी लग्न करणे ही साधी बाब नव्हती. एरवी ज्यांच्या तोंडी बंधुत्वाची भाषा असे अशा कित्येकांना क्लबात आणि छावणीत असे जोडपे खपत नसे. पेनेल यांनी ते केले, आणि मला वाटते पगडी बांधण्यापेक्षा हे पाऊल मोठे होते. पगडी संध्याकाळी उतरवता येते.

डॉ. अ‍ॅलिस आल्यावर पठाणांच्या घरातला आतला भाग मिशनला पहिल्यांदा उघडा झाला. जिथे पेनेल हुजऱ्यापर्यंतच जाऊ शकत, तिथे त्या चुलीपर्यंत गेल्या. बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या, त्यांना बोलावणी येऊ लागली. या अनुभवातून पुढे त्यांनी सरहद्दीवरच्या जीवनावर कादंबऱ्या लिहिल्या. १९२६ ची ‘चिल्ड्रेन ऑफ द बॉर्डर’ ही त्यांतली पहिली. पठाणी जनान्याचे आतून पाहिलेले चित्र देणारे लेखन तेव्हा फार थोडे होते.

हे सगळे होऊन पठाण ख्रिस्ती किती झाले? फार थोडे. इथे आपल्या जालन्याची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. नारायण शेषाद्री या देशस्थ ब्राह्मणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतचे प्रकरण कोर्टात गेले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झगडले, हा मराठी प्रबोधनाचा ठाऊक असलेला भाग आहे. नारायणराव स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले, १८६० च्या दशकात जालन्याला आले, आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवले. महार आणि मांग समाजातली कुटुंबे तिथे आली. त्यांना स्वतःची विहीर मिळाली, घर मिळाले, शेत मिळाले, प्रार्थनेला मंदिर मिळाले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला हे नवे गाव म्हणजे सुटका होती.

बन्नूत असे गाव वसू शकत नव्हते. पठाणाला टोळी सोडून जगणे ठाऊक नाही. जमीन टोळीची, लग्न टोळीत, संरक्षण टोळीचे. ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याचा खून सख्ख्या भावानेच करायचा, हे इभ्रतीचे काम मानले जाई. जे थोडे लोक उभे राहिले त्यांना मिशनच्या आवारात किंवा दूरच्या शहरात जाऊन राहावे लागले. पुढे सरहद्दीवरच्या मंडळ्या भरल्या त्या बहुतेक पंजाबातून कामाला आलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांनी. म्हणून बन्नूची गणती बाप्तिस्म्याच्या वहीवरून करू नये. जालन्यात मंडळी हे मिशनचे मुख्य फळ होते, बन्नूत ते इस्पितळ होते.

शाळाही होती, आणि तिचे श्रेय कमी लेखू नये. पेनेल वसतिगृहातल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळत. १९०६ मध्ये ते आपला संघ घेऊन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. त्यात पठाण होते, हिंदू होते, आणि ते एका ताटात जेवत नसले तरी एका संघात खेळत होते. त्याआधी १९०४ मध्ये एका अफगाण विद्यार्थ्याला घेऊन ते साधूच्या भगव्या कपड्यांत सायकलवरून उत्तर हिंदुस्थान फिरले, खिशात पैसा न ठेवता, मिळेल ते खाऊन. हिंदू साधू लोकांमध्ये कसे राहतात ते त्यांना स्वतः अनुभवायचे होते. आपल्या नारायण वामन टिळकांचा ओढा ज्या दिशेने होता, तीच ही दिशा. दोघे कधी भेटल्याचे वाचनात नाही, पण काळ एकच होता आणि ध्यासही.

१९१२ च्या मार्चमध्ये इस्पितळातले तरुण सहकारी डॉ. बार्नेट यांना रुग्णाकडून जंतुसंसर्ग झाला. पेनेल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि विष त्यांच्याही रक्तात गेले. प्रतिजैविके येण्याआधीचा तो काळ. सर्जनच्या बोटाला झालेली बारीकशी जखमही त्याचा जीव घेई. बार्नेट गेले, आणि पाठोपाठ २३ मार्च १९१२ रोजी पेनेल गेले. लग्नाला चार वर्षेही झाली नव्हती. बन्नूच्या बाजारातले हिंदू आणि मुसलमान, दोघेही दफनाला आले.

डॉ. अ‍ॅलिस यांनी १९१४ मध्ये पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. आज पेनेल यांच्याबद्दल जे काही सांगितले जाते, त्यातला फार मोठा भाग या पुस्तकातून येतो. म्हणजे बन्नूच्या मिशनचा इतिहास मुळात लिहिला तोच पुण्यात वाढलेल्या एका बाईने. महायुद्धाच्या काळातल्या सेवेबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

इस्पितळाला पेनेल यांचे नाव मिळाले आणि काम चालू राहिले. सरहद्दीवरच्या इतर मिशन इस्पितळांचीही तीच वाट. क्वेट्टाला डॉ. हेन्री हॉलंड यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि १९६० मध्ये त्यांना मुलासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेशावरला १९१८ मध्ये डॉ. स्टार यांचा खून झाला. त्यांची पत्नी लिलियन स्टार पुढेही तिथे परिचारिका म्हणून काम करत होती, आणि १९२३ मध्ये कोहाटहून आफ्रिदी टोळीवाल्यांनी पळवलेल्या एका इंग्रज मुलीला सोडवायला ती तिराहच्या डोंगरात गेली. नवऱ्याला मारणाऱ्या मुलखात औषधाची पेटी घेऊन गेली आणि मुलीला परत घेऊन आली.

पेशावरच्या मिशन शाळेचा सर्वांत मोठा विद्यार्थी कधी ख्रिस्ती झाला नाही. खान अब्दुल गफ्फार खान. मुख्याध्यापक विग्रम यांची निःस्वार्थ वृत्ती पाहून आपल्या मनात सेवेचे बीज पडले, असे ते सांगत. १९३४ मध्ये सरकारने त्यांना सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी केली, तेव्हा ते वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे येऊन राहिले. त्याच वर्षी मुंबईत नागपाड्याला हिंदी ख्रिस्ती लोकांच्या सभेपुढे त्यांनी भाषण केले. त्या भाषणावरून डिसेंबरात त्यांना वर्ध्यात अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. मिशन शाळेत शिकलेला पठाण मुंबईच्या ख्रिस्ती बांधवांसमोर मन मोकळे करतो आणि त्याबद्दल तुरुंगात जातो. हा प्रसंग आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांत लिहिण्यासारखा आहे.

फाळणीत बन्नूचे हिंदू आणि शीख गेले, शाळेचे निम्मे जगच गेले. शाळा आणि इस्पितळ आता पाकिस्तानातल्या पेशावर धर्मप्रांताकडे आहेत. त्याच धर्मप्रांताचे पेशावरचे ऑल सेंट्स चर्च १८८३ मध्ये बांधले गेले, मशिदीसारखा घुमट आणि मिनार असलेले. २२ सप्टेंबर २०१३ रोजी रविवारची उपासना संपवून लोक अंगणात आले असताना तिथे आत्मघातकी हल्ला झाला आणि ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. त्या बातमीने आपल्याकडेही मंडळ्यांत प्रार्थना झाल्या, आणि पठाण म्हणजे असेच, हेही काही तोंडांतून निघाले. ज्या पठाणांनी निःशस्त्र डॉक्टरला वीस वर्षे जपले तेही पठाणच होते, हे तेव्हा कुणी सांगितले नाही.

आपल्या मंडळीत वर्षातून एकदा आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विशेष उपासना होते. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या नावांत मिरजेचे डॉ. वानलेस असतात, वडाळ्याच्या आणि जालन्याच्या मिशन इस्पितळांचे डॉक्टर असतात. पुढच्या वर्षापासून त्या यादीत बेळगावात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या आणि बन्नूला सेवा केलेल्या डॉ. अ‍ॅलिस सोराबजी पेनेल यांचे नाव असावे, अशी सूचना या स्मरणिकेद्वारे मी मंडळीच्या पंचांपुढे ठेवत आहे.